न मारलेले शॉट

आमच्या कोल्हापूरच्या रेंजवर नवीन पोराला घेऊन येणाऱ्या प्रत्येक वडिलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मॅडम, रोज किती गोळ्या मारायला लावता?" 1 ऑगस्ट 2024 ला राधानगरीकडच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्य जिंकलं, त्यानंतर तर हा प्रश्न फारच वाढला. त्याचा फायनलचा 451.4 हा स्कोअर इथल्या पोरांना तोंडपाठ आहे. पण गोळ्यांचा हिशेब विचारणाऱ्यांना मी एका राज्यस्तरीय स्पर्धेतला प्रसंग सांगते.

स्पर्धा बालेवाडीत होती आणि आमची एक मुलगी 10 मीटर एअर रायफलच्या पात्रता फेरीत उभी होती. 60 शॉट, सव्वा तास. प्रत्येक शॉटचा गुण दशांशात मोजतात. एका शॉटला जास्तीत जास्त 10.9, म्हणजे कागदावर पूर्ण स्कोअर 654. टार्गेटवरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, आणि पेलेट, म्हणजे एअर रायफलची गोळी, साडेचार मिलिमीटरची. ठिपका पेलेटहूनही बारीक! लोकांना वाटतं रायफल स्थिर धरायची आणि ट्रिगर दाबायचा. पण रायफल कधीच स्थिर नसते. श्वास असतो, छातीत ठोके पडत असतात. ते हलणं लहान होत जातं, काही सेकंद अगदी कमी होतं आणि पुन्हा वाढतं. त्या सेकंदांत शॉट सुटला तर सुटला. होल्ड, म्हणजे नेम धरून थांबणं, लांबला की डोळा थकतो आणि समोर नसलेलं दिसायला लागतं. तेव्हा रायफल खाली घ्यायची, श्वास घ्यायचा आणि पहिल्यापासून सुरू करायचं. हे पोरांना शिकवायला सगळ्यात जड जातं, कारण पाच किलोच्या आसपासचं वजन उचलून, सगळं जुळवून, काहीच न करता खाली ठेवायचं म्हणजे त्यांना मेहनत वाया गेल्यासारखी वाटते.

दहा-दहा शॉटच्या पहिल्या दोन सिरीज मस्त गेल्या, 104.6 आणि 104.2. तिसरी 103.9. मग चौथ्या सिरीजच्या तिसऱ्या शॉटला स्क्रीनवर 9.1 आला, तीन वाजताच्या दिशेला. 10.6 च्या शॉटपेक्षा हा मध्यापासून पावणेचार मिलिमीटर लांब, बस्स. पण या खेळात हे फार मोठं अंतर.

पुढची पेलेट भरून तिनं रायफल उचलली आणि खाली घेतली. पुन्हा उचलली, पुन्हा खाली. असं चालूच राहिलं. मागच्या खुर्च्यांवर कुजबुज सुरू झाली. "घाबरली." "एक खराब गेला की मुली अशाच." तिचे वडील माझ्या शेजारीच होते, ते दातओठ खात हळूच म्हणाले, "अगं, मार की!" घड्याळ पळत होतं. फायरिंग लाइनवरच्या खेळाडूशी बोलायला परवानगी नसते, खुणा केलेल्या चालतात, पण डोळ्याच्या कडेला पट्टी लावलेली मुलगी मागं बघणार कशी? आणि पेलेट भरलेली रायफल तशीच ठेवून तिला बाहेरही येता येत नाही.

मला ते घाबरणं वाटत नव्हतं. घाबरलेलं पोर होल्ड लांबवतं आणि शेवटी कसाबसा शॉट ढकलून देतं. ही वेळेत खाली घेत होती. शरीर काहीतरी सांगतंय आणि ती ते ऐकतेय, एवढं मागून कळत होतं. अखेर एक शॉट सुटला, 10.0. तिनं रायफलमध्ये सेफ्टी फ्लॅग, म्हणजे ती रिकामी असल्याची खूण, घातला, ती स्टँडवर ठेवली आणि त्या ताठ जॅकेटमध्ये बदकासारखी चालत बाहेर आली.

"मॅडम, डोळं मिटून बघितलं," ती म्हणाली. "उघडलं की रायफल शेजारच्या टार्गेटकडं गेलेली असतीय."

आमच्याकडे हे रोज करून घेतात. पोझिशन घ्यायची, डोळे मिटायचे, शरीर सैल सोडायचं, मग डोळे उघडून बघायचं की रायफल आपणहून कुठं टेकलीय. टार्गेटवर असेल तर ठीक. नसेल तर तुम्ही स्नायूंनी ती ओढून टार्गेटवर आणताय, आणि ट्रिगर दाबताना स्नायू जरा सैल पडला की पेलेट तिकडंच जाणार. तिसऱ्या सिरीजनंतर ती खुर्चीवर टेकली होती. परत उभी राहताना पाय मूळ जागेपासून जरासे फिरले होते. बोटभरसुद्धा नसतील.

"पाय नव्यानं लावायला किती वेळ लागंल?"

"तीन-चार मिनटं. पण पंचवीसच राहिलीत, आणि शॉट सव्वीस."

"मग लाव जा."

पाणी पिऊन ती आत गेली आणि पाय, कंबर, कोपर, गाल या क्रमानं सगळी पोझिशन पुन्हा बांधली. आता एका शॉटला जेमतेम 48 सेकंद मिळत होते. फायनलमध्ये एकेका शॉटला 50 सेकंदच असतात आणि आम्ही तो सराव कमांड देऊन करून घेतो, म्हणून मी निर्धास्त होते. म्हणजे, बऱ्यापैकी. घाईतही तिनं अधूनमधून रायफल खाली घेतलीच, आणि ते बघून मला त्या दिवशीच्या कुठल्याही 10.8 पेक्षा जास्त बरं वाटलं.

चौथी सिरीज 101.7 वर अडकली, ते नुकसान भरून निघणारं नव्हतं. पाचवी 104.1, सहावी 104.4. एकूण 622.9. फायनलला आठ जणी जातात, ही नववी.

वडील हिरमुसले होते. जिन्यावर मला गाठून म्हणाले, "मॅडम, तेवढा वेळ वाया घालवला नसता तर बसली असती की." मी त्यांना पाचव्या-सहाव्या सिरीजचे आकडे दाखवले. त्याच पायांवर उरलेले शॉट मारले असते तर आणखी किती नऊ आले असते, तेही सांगितलं. त्यांना पटायला वडापाव संपेपर्यंत वेळ लागला.

"मग पुढच्या वेळी आधी पाय बघायला सांगा तिला," ते म्हणाले.

"तिला सांगावं लागत नाही," मी म्हटलं. "तुम्ही तेवढं मागून 'मार की' म्हणायचं बंद करा."