खाली सह्या आहेत, असो

दुपारचं जेवून नुसता लवंडलो होतो, तेवढ्यात फोनवर निमंत्रण आलं. 'विषय : एक अप्रकाशित महजर. सायंकाळी ६ वाजता (वेळेवर). सर्व इतिहासप्रेमींनी अगत्य यावे.' महजर म्हणजे गोतानं, म्हणजे गावच्या जमलेल्या सभेनं, दिलेल्या निवाड्याचा जुना कागद. निमंत्रणातल्या त्या कंसातल्या 'वेळेवर'चं मला नेहमी हसू येतं. या व्याख्यानांना श्रोते पावणेसहालाच आपापल्या ठरलेल्या खुर्च्या धरून बसलेले असतात. दम द्यायचा असेल तर तो वक्त्यालाच.

इतिहासावरची व्याख्यानं दोन जातींची. एक मांडवातली. तिथे समई असते, हार असतात आणि वक्त्याची वाणी ओघवती असते. गड चढले जातात, खिंडी लढवल्या जातात, घोड्यांच्या टापा तोंडानं वाजवल्या जातात, टाळ्या पडतात आणि माणूस छाती फुगवून घरी येतो. मला तिथे अर्ध्या तासात जांभया येतात. दुसरी जात कोरडी. लाकडी टेबल, त्यावर पाण्याचा तांब्या, समोर पन्नास खुर्च्या आणि त्यांतल्या वीस भरलेल्या. वक्ता मान खाली घालून टिपण वाचतो. विषय म्हणजे कुठल्या तरी देशमुखाच्या दफ्तरातला एखादा कागद. तिथे मात्र मी शेवटपर्यंत टक्क जागा असतो. घरचे म्हणतात, हा विक्षिप्तपणा आहे. असेल.

या कोरड्या जातीची पुण्यात रीतसर सोय झाली ती ७ जुलै १९१० रोजी. त्या दिवशी इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी खंडेराव मेहेंदळ्यांना बरोबर घेऊन भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं. त्याआधी बारा वर्षं, १८९८ साली, 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड निघाला होता. पुढे बावीस झाले. माणूस गावोगाव पायपीट करायचा, कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या पेटाऱ्यात सडत पडलेले कागद मिनतवाऱ्या करून बाहेर काढायचा आणि वर कुणाचं मिंधेपण घ्यायचा नाही. १९२६च्या शेवटच्या दिवशी ते धुळ्यात गेले, आणि काही दिवसांतच तिथे त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ उभंही राहिलं. पुण्याच्या मंडळाच्या पाक्षिक सभेत एखाद्यानं टिपण वाचायचं, मग बाकीच्यांनी त्याच्या चिंध्या करायच्या आणि उरलंसुरलं त्रैमासिकात छापायचं, ही शिस्त मला फार आवडते. कौतुक करायला वेगळे समारंभ आहेतच की.

एका तिथीवर दीड तास भांडणारी माणसं मला आदरणीय वाटतात. जेध्यांच्या शकावलीचंच घ्या. भोरजवळच्या कारीच्या जेध्यांकडची ती सालवार घटनांची यादी टिळकांनी १९१६ साली मंडळामार्फत उजेडात आणली. तोवर शिवजन्म शके १५४९ मधला, वैशाखातला, म्हणून बहुतेकांनी धरलेला. शकावलीत निघाली शके १५५१ची फाल्गुन वद्य तृतीया. मग शिवभारत हे शिवकालीन संस्कृत काव्य आलं, राजस्थानात जपून ठेवलेली कुंडली आली, समित्या बसल्या, आणि सरकारनं १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख पक्की केली २००१ साली. एका ओळीला पंच्याऐंशी वर्षं! तरी अजून कुठल्याही सभेत हा विषय निघाला की पुढच्या रांगेतले एक काका उठतातच : "ती तारीख ज्युलियन आहे बरं का. आजच्या हिशेबानं १ मार्च येतो." त्यांचं बरोबर असतं. वक्ता मान हलवतो आणि पुढे जातो. काका बसतात. पुढल्या वर्षी पुन्हा उठतात.

मला या नादाला लावलं आजोबांनी. संध्याकाळी त्यांना सोबत हवी असायची आणि मला सभेनंतरचं लिमलेट. मराठेशाही वगैरे काही कळायचं नाही. मी पंख्याकडे बघत बसायचो. तो फिरताना एका ठरावीक जागी कण्हायचा. एकदा वक्त्यांनी टेबलावर चक्क रुमाल सोडला. नाक पुसायचा नव्हे, दफ्तराचा, लाल खारव्याचा. गाठ सुटली, घड्या उलगडल्या आणि हिरव्या टेबलक्लॉथवर काहीतरी बारीक चकाकलं. "इकडे ये रे बाळ," ते म्हणाले. मी गेलो. "ही वाळू. शाई वाळायला लिहिणारा वर टाकायचा. अडीचशे वर्षं अक्षराला चिकटून होती, आत्ता पडली." मी बोट टेकवलं. चार-दोन कण बोटाला लागले. जागेवर येऊन मी ते चड्डीला पुसले, कारण हात घाण करू नयेत अशी आजीची ताकीद होती. आजोबा घरी जाईपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत.

तर, संध्याकाळी गेलो. महजर होता दोन गावांच्या शिवेच्या तंट्याचा. ओढा कुणाचा, ओढ्यापलीकडचा चिंचेचा टप्पा कुणाचा. वक्त्यांनी मायना वाचला, सन-साल लावलं, अरबी महिन्याची तिथी काढून दाखवली. काजी कोण, देशमुख कोण, कुळकर्ण्यानं कशी लबाडी केली, हे सगळं चोख. आणि मग पडद्यावर कागदाचा शेवटचा भाग आला. "खाली गोताच्या सह्या आहेत. असो," म्हणाले आणि पुढच्या चित्राकडे गेले.

या 'असो'वर माझा जुना राग आहे. अहो, तिथेच तर सभा बसलेली असते! वरचा मजकूर कुळकर्ण्याच्या हातचा, वळणदार, पाठ केलेला. खाली मात्र लिहिता न येणारा एकेक जण पुढे आलेला असतो आणि नावाशेजारी आपली निशाणी उठवून गेलेला असतो. कुणब्याचा नांगर, न्हाव्याचा आरसा, परटाची मोगरी. एखादी बाई असेल तर बांगडी. त्या चित्रात, जेमतेम दिसलं तेवढ्यात, एका ओळीतलं नाव कसरीनं खाल्लेलं होतं आणि नांगर तेवढा शाबूत होता, फाळासकट. तो माणूस त्या दिवशी खाडा करून आला असणार. शीव कुठून जाते हे त्याला ठाऊक होतं, आणि खोटं सांगितलं तर बेचाळीस पूर्वज नरकात जातील ही शपथ त्याला घातलेली होती. त्यानं कुणाच्या बाजूनं सांगितलं? देशमुखाच्या देखत सांगितलं? आणि दुसऱ्या दिवशी त्याच ओढ्यावर बैल पाण्याला नेले, तेव्हा काय झालं?

विचारावं म्हणून हात वर केला. पण काकांचा हात आधी वर गेला होता, तिथीबद्दल. त्यांचं झालं तेव्हा कार्यवाह आभाराला उठलेच. आभार सुरू झाले की ते मधे तोडायची प्राज्ञा पेशव्यांचीही नाही.

पुढच्या वेळी विचारीन. विषय नाण्यांचा आहे म्हणे. असू दे.