शिकागोत गाड्या बघायच्या, तर उभं कुठे राहायचं?

अमेरिकेत गेलेला माणूस नायगरा बघतो, ग्रँड कॅन्यन बघतो. मी शिकागोला जाऊन मालगाड्या बघायचं ठरवलं. माझा मामेभाऊ तिथून जवळच, नेपरव्हिलला राहतो. फोनवर बेत ऐकल्यावर तो जरा वेळ गप्पच बसला. मग म्हणाला, "दादा, तू ये तर खरा. पण तुझ्याबरोबर रुळांच्या कडेला उभं राहायला मी येणार नाही हां." नेपरव्हिल देशातल्या सर्वात गजबजलेल्या लोहमार्गांपैकी एकावर आहे, हे तिथे इतकी वर्षं राहूनही त्याच्या गावी नव्हतं. फाटकावर थांबावं लागतं, एवढंच त्याला माहीत.

शिकागोच का, हे थोडक्यात सांगतो. इथली पहिली गाडी १८४८ मध्ये धावली, गलीना अँड शिकागो युनियन कंपनीची. पुढे पूर्वेकडून आलेल्या कंपन्यांचे रूळ मिशिगन सरोवराच्या दक्षिण टोकाला वळसा घालून इथे येऊन संपले आणि पश्चिमेकडे जाणाऱ्यांचे इथून सुरू झाले. ती वाटणी बऱ्याच अंशी आजही तशीच आहे. लॉस एंजेलिसहून न्यू जर्सीला निघालेला कंटेनर बीएनएसएफ किंवा युनियन पॅसिफिक शिकागोपर्यंत आणते. पुढे तो सीएसएक्स नाहीतर नॉरफोक सदर्नच्या ताब्यात द्यावा लागतो. उत्तरेकडून सीएन आणि सीपीकेसी या कॅनडाच्या दोन कंपन्या येतात. म्हणजे खंडातल्या सहाच्या सहा बड्या कंपन्या एकाच शहरात एकमेकींच्या वाटेत उभ्या. देशातल्या रेल्वेच्या मालापैकी साधारण पाव हिस्सा या शहरातून जातो. दिवसाला सुमारे ५०० मालगाड्या आणि ७०० हून अधिक प्रवासी गाड्या.

याचा परिणाम व्हायचा तोच होतो. लॉस एंजेलिसहून माल दोन दिवसांत शिकागोला पोचतो आणि मग शहर ओलांडायलाच ३० तास लागतात, असं २०१२ च्या सुमारास तिथल्या वर्तमानपत्रांत लिहून येत होतं. यावर उतारा म्हणून २००३ मध्ये 'क्रिएट' नावाची मोठी योजना सुरू झाली. ठिकठिकाणी रुळांवरून रूळ नेणारे पूल बांधणं, सिग्नल सुधारणं, फाटकं काढणं असं काम अजून चालू आहे. व्यापाऱ्याच्या दृष्टीने हा खोळंबा म्हणजे डोकेदुखी. आपल्यासारख्याची मात्र चैन, कारण इथे गाडीच्या मागे धावावं लागत नाही. नीट जागा धरली की गाड्या आपण होऊन समोर येतात, कित्येकदा येऊन थांबतातही.

म्हणून माझं सगळं नियोजन एकाच प्रश्नाभोवती फिरत होतं: उभं कुठे राहायचं आणि किती वाजता? नकाशा उघडला की पंचवीस ठिकाणी जावंसं वाटतं. दक्षिणेला ब्लू आयलंडच्या आसपास चार-पाच कंपन्यांचे रूळ एकमेकांना छेदतात, ते नाव बरेच दिवस यादीत होतं. शेवटी काढून टाकलं. शिकागो अवाढव्य पसरलेलं आहे. एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जाण्यात अर्धा दिवस जातो आणि तेवढ्यात मागच्या जागेवरून दहा गाड्या निघून गेलेल्या असतात. कमी जागा आणि जास्त वेळ, हा हिशेब मला पटतो.

मालगाड्यांना वेळापत्रक नसतं, निदान तुम्हाआम्हाला बघायला मिळेल असं तरी नसतं. तेव्हा दिवसाचा सांगाडा प्रवासी गाड्यांवर उभा करायचा. अ‍ॅमट्रॅक या देशभरच्या प्रवासी रेल्वे कंपनीच्या लांब पल्ल्याच्या पश्चिमेकडच्या गाड्या दुपारी पाठोपाठ सुटतात. कॅलिफोर्निया झेफर दोनच्या सुमारास, साउथवेस्ट चीफ तीनच्या आत-बाहेर, त्याच सुमारास दुसऱ्या बाजूने एम्पायर बिल्डर. पश्चिमेहून येणारी झेफर आणि चीफ यांचीही पोचायची वेळ दुपारचीच, पण दोन-अडीच हजार मैल तोडून येणारी गाडी वेळेवर येईलच यावर पैज लावू नका. दुसरं पथ्य गर्दीच्या वेळेचं. सकाळ-संध्याकाळ मेट्राच्या, म्हणजे शिकागोच्या उपनगरी रेल्वेच्या, लोकल धावतात तेव्हा बऱ्याच मार्गांवर मालगाड्या अडवून धरतात. गर्दी ओसरली की सोडतात, एकीमागे एक. सकाळी नऊनंतरचा तास-दीड तास म्हणूनच सोन्याचा. हॉटेलचा फुकट नाश्ता त्यापायी सोडावा लागला तरी सोडावा.

सुरुवात शहरातूनच केली. युनियन स्टेशन १९२५ मध्ये बांधून झालं. त्याचा ग्रेट हॉल बघण्यासारखा आहे, बाकं तर निवांत बसून राहावं अशी. पण गाड्या बघायला ही जागा नाही. फलाट जमिनीखाली, काळोखे, आणि अ‍ॅमट्रॅकच्या फलाटावर तिकिटाशिवाय सोडत नाहीत. त्यापेक्षा दक्षिणेला थोडं चालत रूझवेल्ट रोडच्या पुलावर जावं. स्टेशनच्या दक्षिण बाजूचे सगळे रूळ या पुलाखालून जातात. उत्तरेला तोंड केलं की समोर रुळांचा पंखा, त्यामागे विलिस टॉवर आणि बाकीच्या गगनचुंबी इमारती. सूर्य कायम पाठीशी. दक्षिणेला वळलं की अ‍ॅमट्रॅकचं यार्ड, त्यात धुऊनपुसून उभे असलेले दुमजली सुपरलायनर डबे. हाच रस्ता पूर्वेकडे चालत राहिलात तर नदी लागते, मग लासाल स्ट्रीट स्टेशनकडे जाणारे रॉक आयलंड मार्गाचे रूळ, मग डोक्यावरून, खांबांवरून जाणारी शहरातली गाडी, म्हणजे 'एल', आणि शेवटी सरोवराजवळ मेट्रा इलेक्ट्रिक. पाऊण तासाच्या रमतगमत फेरीत इतक्या तऱ्हेची रेल्वे मी दुसऱ्या कुठल्या रस्त्यावर पाहिलेली नाही.

मेट्रा इलेक्ट्रिकपाशी मुंबईकर रेलफॅन जरा जास्त रेंगाळणारच. ही लाइन १९२६ मध्ये १,५०० व्होल्ट डीसीवर आली. बोरीबंदर-कुर्ला विजेवर सुरू झालं त्याच्या पुढच्याच वर्षी, आणि दाबही तोच. मुंबईने टप्प्याटप्प्याने २५ हजार व्होल्ट एसी घेतला आणि २०१६ मध्ये हार्बरवरचा उरलासुरला डीसीही गेला. इथे तो अजून नांदतो आहे, आणि इंडियानाकडे जाणारी साउथ शोअर लाइनही त्याच तारांखालून धावते. याच लाइनने ५७व्या रस्त्याच्या स्टेशनावर उतरलं की सायन्स अँड इंडस्ट्री म्युझियम चालत जाण्याच्या टप्प्यात येतं. तिथे पायोनियर झेफर ठेवली आहे. स्टेनलेस स्टीलची ही डिझेल गाडी २६ मे १९३४ रोजी डेन्व्हरहून शिकागोला १,०१५ मैल न थांबता १३ तास ५ मिनिटांत आली होती. पाऊस पडला तर जायचं म्हणून ते राखून ठेवलं होतं, आणि पाऊस पडलाच.

'एल'ला मी कमी वेळ दिला होता आणि तेवढा पुरला. लेक आणि वेल्स रस्त्यांच्या चौकात, दुसऱ्या मजल्याच्या उंचीवर, लोखंडी खांबांवर टॉवर १८ उभा आहे. आपल्याकडची सिग्नल केबिनच, फक्त भर बाजारात. पाच रंगांच्या लाइन इथे काटकोनात वळतात, छेदतात, आणि प्रत्येक वळणाला चाकांची किंचाळी रस्त्यावरच्या माणसाचं बोलणं तोडते. थोडा वेळ मजा येते. मग कान नको म्हणतात.

बीएनएसएफच्या शिकागो-ऑरोरा मार्गाला तिथले लोक 'रेसट्रॅक' म्हणतात. तीन रूळ, साधारण ६० किलोमीटर, त्यावर लोकल, अ‍ॅमट्रॅक आणि मालगाड्या सगळ्यांची झुंबड. मी ला ग्रेंजचं स्टोन अव्हेन्यू स्टेशन निवडलं, कारण मेट्राचे उपनगरांतले फलाट सताड उघडे असतात, कोणी हटकत नाही, आणि समोरच्या रस्त्यावर कॉफी मिळते. इथे एक बारकावा ध्यानात ठेवावा. मेट्राच्या गाड्यांचं इंजिन नेहमी शहरापासून दूरच्या टोकाला जोडलेलं असतं. सकाळी शहराकडे जाणाऱ्या गाडीला ते मागून ढकलतं आणि पुढे येतो तो चालकाची खोली असलेला डबा. इंजिन पुढे हवं असेल तर शहरातून बाहेर निघालेली गाडी टिपायची. संध्याकाळी त्याच गाड्या जास्त आणि मावळतीचं ऊन थेट इंजिनाच्या तोंडावर. फोटो काढणाऱ्याने सकाळ मालगाड्यांना द्यावी आणि संध्याकाळ लोकलना.

त्या लोकलचे डबेही आत चढून बघण्यासारखे. वरच्या मजल्याच्या दोन्ही बाजूंना एकेकट्या आसनांच्या अरुंद गॅलऱ्या आणि मधला भाग उघडा. कंडक्टर खालच्या वाटेने चालता चालता हात वर करून वरच्या प्रवाशांची तिकिटं तपासतो, जिना चढत नाही. ज्याने कोणी हा डबा आखला त्याने तिकीट तपासनिसाच्या गुडघ्यांचा विचार केला होता.

रेल्वेचा रेडिओ ऐकायचं यंत्र, म्हणजे स्कॅनर, मात्र हवाच. रेल्वेचं रेडिओवरचं बोलणं १६० ते १६१ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं, आणि त्यात माणसांपेक्षा कामाचा असतो तो यंत्राचा आवाज. रुळांच्या कडेला ठरावीक अंतरावर डिटेक्टर बसवलेले असतात. गाडी वरून गेली की तापलेला बेअरिंग, लोंबकळणारा भाग असं काही नाही ना, हे तपासून ते यंत्र रेडिओवर स्वतःच बोलतं: कंपनीचं नाव, मैलाचा आकडा, 'नो डिफेक्ट्स', एकूण आस (अ‍ॅक्सल) किती. आकडा चारशे-पाचशेच्या घरात ऐकू आला की कॉफीचा कप खाली ठेवायचा. मोठी मालगाडी निघाली आहे.

एल्महर्स्टला जायचं कारण वेगळं होतं. तिथून जाणारा मार्ग आता युनियन पॅसिफिकचा असला तरी मूळचा शिकागो अँड नॉर्थ वेस्टर्नचा, आणि त्या कंपनीच्या गाड्या डाव्या बाजूने धावायच्या. अमेरिकेत जिकडेतिकडे उजवी बाजू. इथे मात्र आपल्यासारखी डावी, आणि ती चाल अजून टिकून आहे. गाडी कुठल्या रुळावरून येणार याचा अंदाज मला बरोबर आणि शेजारी उभ्या असलेल्या टेक्ससच्या पाहुण्याला चूक येत होता. एवढा आनंद पुष्कळ झाला.

शेवटचं ठिकाण रोशेल. शिकागोपासून सव्वाशे-एक किलोमीटर पश्चिमेला, प्रवासी गाडी जात नाही, त्यामुळे मोटार लागतेच. मामेभाऊ कुरकुरत का होईना, तयार झाला. या छोट्या गावात युनियन पॅसिफिकची दुहेरी लाइन आणि बीएनएसएफची दुहेरी लाइन एकमेकींना सपाटीवरच छेदतात. म्हणजे फुलीसारखे चार छेद, रेल्वेच्या भाषेत डायमंड. गावाने तिथे चक्क रेलफॅनसाठी बाग केली आहे. छप्पर, बाकं, कुंपण, प्रवेश फुकट, वर स्पीकरवर रेल्वेचा रेडिओ लावून ठेवलेला. माझा स्कॅनर पिशवीतच राहिला.

डायमंड जवळून ऐकावा. छेदणाऱ्या रुळासाठी प्रत्येक रुळात खाच असते आणि प्रत्येक चाकाला ती उडी मारावी लागते. चार इंजिनं पुढे, मध्ये कुठेतरी एक, शेवटी पुन्हा एक-दोन, आणि मधल्या दोन-अडीच किलोमीटरमध्ये एकावर एक रचलेले कंटेनर. भरलेल्या डब्याचा ठोका जड आणि बसका, रिकाम्याचा कडक, वाजणारा. डोळे मिटून कुठला डबा रिकामा गेला हे ओळखायचा खेळ भावानेच सुरू केला. खडीतले दगड जागच्या जागी थरथरताना दिसतात. डायमंडखालची माती सततच्या माराने खचते, म्हणून तिथल्या रुळांची डागडुजी कधी संपत नाही. आम्ही होतो तेव्हाही नारिंगी जाकिटातली माणसं दोन गाड्यांच्या मधल्या वेळात येऊन नटबोल्ट आवळून जात होती.

ऊन कलल्यावर भाऊ घड्याळ दाखवायला लागला. परतीच्या वाटेवर गर्दी लागते, हे त्याचं म्हणणं रास्तच होतं. तेवढ्यात स्पीकर खरखरला आणि दोन्ही कंपन्यांच्या गाड्या एकाच वेळी गावात येत असल्याचं कळलं. युनियन पॅसिफिकला हिरवा मिळाला. बीएनएसएफची गाडी सिग्नलपाशी येऊन, इंजिनं घुमवत उभी राहिली.

"झालं ना? आता निघू," भाऊ म्हणाला.

"ती थांबली आहे ती निघेपर्यंत थांब की."

"दादा, त्या गाडीच्या मागे अजून एक असणार."

"असणारच. शिकागो आहे हे."

त्याने मोटारीची किल्ली खिशात टाकली आणि बाकावर बसला.