फॉकनर–स्कॅन समीकरण: पहिला आकडा कुठून आणायचा

सध्या पाचरीवरून वाहणाऱ्या प्रवाहाचं फॉकनर–स्कॅन समीकरण घेऊन बसलोय: फ‴ + फफ″ + बीटा(१ − फ′²) = ०. फ′ म्हणजे दूरच्या वेगाच्या मानाने प्रवाहाचा वेग, फ″ म्हणजे भिंतीपासून दूर जाताना तो बदलण्याचा दर, आणि बीटा पाचरीच्या कोनावरून ठरतो. भिंतीशी फ आणि फ′ दोन्ही शून्य, दूर गेल्यावर फ′ = १. शूटिंगने, म्हणजे सुरुवातीचा आकडा अंदाजाने धरून दुसऱ्या टोकाला नेम लागतो का ते बघत सोडवायचं, तर भिंतीपाशी फ″ किती, हे आपणच ठरवून रुंगे-कुट्टाला (समीकरण पायरी-पायरीने पुढे नेणाऱ्या पद्धतीला) द्यावं लागतं. सगळी मदार त्या एका आकड्यावर.

बीटा शून्य असताना, म्हणजे ब्लासियसच्या १९०८च्या सपाट पट्टीला, अंदाज लागतच नाही. १९१२ची ट्योप्फरची युक्ती फारच देखणी आहे. फ″(०) = १ धरून एकदा चालवा; दूरवर फ′ १.६५५२ वर स्थिरावतो. त्याचा −३/२ वा घात काढला की ०.४६९६, हेच उत्तर. बीटाचं पद आलं की मात्र ही मापबदलाची सोय जाते.

बीटा = १ चं उत्तर, म्हणजे फ″(०), १.२३२६. तिथे १.२ दिलं तर फ′ एकला टेकण्याआधीच खाली वळतो; १.२५ दिलं तर एक ओलांडून वर जात राहतो. म्हणून ‘अनंत’ (जिथे फ′ = १ झाला का ते तपासतो ते दूरचं टोक) आधी ३ वर ठेवतो, जमलं की ६ पर्यंत लांबवतो. आणि थेट उडी न मारता बीटा ०.१, ०.३, ०.५ असा वाढवत नेतो: ०.५८७०, ०.७७४८, ०.९२७७. मागच्या दोन उत्तरांतून रेघ ओढली की पुढचा अंदाज हाती येतो, अंदाज सुधारत नेणाऱ्या न्यूटनच्या पद्धतीला फारसं काम उरत नाही.

उणे बाजूला ही रेघ दगा देते. ० आणि −०.१ च्या उत्तरांवरून (०.४६९६, ०.३१९३) −०.१८ साठी ०.१९९१ येतं, खरं आहे ०.१२८६. शिवाय बीटा उणे असला की चुकीच्या अंदाजाचा फ′ सुद्धा एक ओलांडून सावकाश एककडेच परततो, त्यामुळे दुसऱ्या टोकाला फ″ शून्यावर आला का, हेही तपासावं लागतं. −०.१९८८ पाशी तर बीटासमोर फ″(०) मांडलेला वक्र उभाच होतो; तिथेच भिंतीवरचं घर्षण संपून प्रवाह भिंतीपासून सुटतो. इथे भूमिका बदलायच्या: फ″(०) आपण ठरवायचा आणि बीटा अज्ञात ठेवायचा. ०.०५, ०.०२, ० असं उतरत गेलं की वळण सहज पार होतं.

आता वळणापलीकडच्या, भिंतीपाशी प्रवाह उलटा वाहतो त्या उत्तरांच्या शाखेवर आहे. बीटा −०.१ ला तिथे फ″(०) = −०.१४०५, म्हणजे त्याच बीटाला दोन उत्तरं. त्याच सुमारास फ″(०) स्वतःच वळतो, म्हणून पुढच्या टप्प्यासाठी पुन्हा बीटाच हाताशी धरलाय.