ब्रिजवॉटरचं कॅसल हाउस: साच्यातून निघालेलं घर

कॉंक्रीटच्या ओतीव नक्षीचं कॅसल हाउस पाहायला ब्रिजवॉटरला जायचं तर ओहोटीची वेळ पाहून जावं. इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यातलं हे गाव ब्रिस्टल–टॉन्टन रेल्वेमार्गावर आहे. स्टेशनातून निघालो आणि रमतगमत १८८३ च्या लोखंडी टाउन ब्रिजवर पोचलो. पाणी उतरलेलं होतं, पॅरेट नदीच्या दोन्ही काठांना दाट चहाच्या रंगाचा गाळ चकाकत होता. या गावानं पैसा कमावला तो असल्याच चिखलातून.

पुलाच्या वर-खाली थोड्याच अंतरात भरतीचं खारं पाणी इतका बारीक, वाळूसारखा खरखरीत गाळ टाकतं की त्याच्या विटांनी सुऱ्या घासत. काठाला विटांचे बांध घालून गाळ साठवायचा, ओहोटीला उपसायचा, घाण्यात मळायचा, साच्यात घालून सावलीत वाळवायचा आणि भाजायचा. नाव मात्र ‘बाथ ब्रिक’. बाथ शहराशी तिचा संबंध नाही. आपल्याकडे पितळेची भांडी विटेच्या भुकटीनं घासत, तसाच प्रकार. न गंजणाऱ्या पोलादाच्या सुऱ्या आल्या आणि या विटेचं काम संपलं.

बांधकामाच्या विटा-कौलांना काठाची चिकणमाती, तर सिमेंटला जवळच्या टेकड्यांतला ब्लू लायस दगड. या चुनखडीत मातीचा अंश असतो. म्हणून तिचा चुना ओलाव्यातही घट्ट धरतो. विटा, कौलं, सिमेंट असा सगळाच धंदा असलेल्या जॉन बोर्ड यांचं नाव १८५१ च्या कॅसल हाउसशी जोडलेलं आहे.

कॅसल स्ट्रीटवरची अठराव्या शतकातली देखणी विटांची घरं मागे टाकून क्वीन स्ट्रीटला वळलो. इथेच कॅसल हाउस आहे. ते संग्रहालय नाही, रस्त्यावरूनच पाहायचं. लांबून कोरीव दगडाचं वाटतं, पण इथे पाथरवटाचं काम साच्यानं केलंय: नक्षीचे तुकडे साच्यात ओतलेल्या कॉंक्रीटचे आहेत. माझ्या मते ही बोर्ड यांच्या धंद्याची जाहिरातच होती, आणि हुशारीची. हे घर किती आधीचं ते बघा: कॉंक्रीटमध्ये लोखंड घालण्याचं, विल्यम विल्किन्सन या बांधकाम कारागिराचं इंग्लिश पेटंट १८५४ चं, म्हणजे या घरानंतरचं.

ओतीव नक्षी ओळखायची सोपी खूण सांगतो. एकसारखे दोन तुकडे शेजारी-शेजारी धरून बघा. छिन्नीचा हात दर वेळी थोडा वेगळा पडतो. साच्याला मात्र चीर असेल तर तीच चीर प्रत्येक तुकड्यावर उमटते. मग सांधे बघायचे. असली बांधकामं सहसा तिथेच हरतात: सांध्यातून पाणी शिरतं, आत लोखंड असेल तर ते गंजून फुगतं आणि कॉंक्रीटचा पोपडा सुटतो. वरून कडक सिमेंटचा गिलावा मारला तर ओल आतच कोंडते आणि दुखणं वाढतं.

घर बरीच वर्षं रिकामं पडून होतं. २००४ मध्ये जुन्या इमारती वाचवण्याच्या बीबीसीच्या कार्यक्रमात ते झळकलं. ‘सेव्ह ब्रिटन्स हेरिटेज’ ही संस्थाही त्याच्या मागे उभी राहिली.

परतताना ईस्ट क्वेवरचं वीट-कौल संग्रहालय चुकवू नका. उघडण्याचे वार आधी बघून घ्या. बाटलीच्या आकाराची शेवटची भट्टी तिथे शिल्लक आहे, १९६५ मध्ये विझलेली. आत उभं राहून वर पाहिलं की निमुळत्या धुराड्यातून आभाळाचं एवढंसं वर्तुळ दिसतं.