दोन विटा

३० ऑगस्ट २०२४, शुक्रवार. बडोद्यात काळ्या घोड्याच्या चौकाच्या अलीकडेच स्कूटर लावली, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि चालत निघालो. विश्वामित्री उतरून एक दिवस झाला होता. धोक्याची पातळी २५ फूट, आणि नदी गेली होती ३५ फुटांच्या वर. रस्त्यावर चिखल, चिखलात सोफे, फायली, कुणाच्या तरी दुकानातल्या शेकडो चपला. पुढच्या गल्लीत गर्दी होती. विचारलं तर एक जण म्हणाला, "मगर छे." बडोद्यात पुरानंतर हे वाक्य कुणी मोठ्याने म्हणत नाही.

सयाजीगंजाच्या बाजूला काकांची औषधांची घाऊक पेढी आहे. गेली बारा-तेरा वर्षं त्यांचे कॉम्प्युटर माझ्याकडे आहेत. वर्षाचं कंत्राट, महिन्याला एक फेरी, मधे काही अडलं तर फोन. माझा धंदाच तो. अशा पंचवीस-तीस छोट्या पेढ्यांना काय घ्यायचं, काय नाही घ्यायचं, कुठे ठेवायचं, हे मी सांगतो आणि ते ऐकतात. त्या दिवशी कळलं की ऐकतात, हीच पंचाईत.

शटर अर्धं उघडं होतं. आत भिंतीवर पाण्याची रेघ, माझ्या छातीच्या उंचीवर. सलाइनच्या बाटल्या इकडेतिकडे, गोळ्यांची खोकी फुगून फुटलेली, इन्सुलिनचा फ्रिज आडवा पडून दाराला अडकलेला. काका खुर्चीवर बसले होते. मला पाहून उठले नाहीत. "तुझा सर्व्हर बघ," एवढंच म्हणाले.

तो सर्व्हर माझाच होता, म्हणजे मी सुचवलेला. २०२१ मध्ये त्यांना तीन माणसांनी एकाच वेळी बिलं करायला मशीन हवं होतं. एका चांगल्या डेस्कटॉपवर काम भागलं असतं. पण मी टॉवर सर्व्हर घ्यायला लावला. आत दोन डिस्क, एकीवर लिहिलं की दुसरीवर आपोआप तेच उमटणार. शिवाय बाजूला नेटवर्कवरचा स्टोरेजचा डबा, त्यात रोज रात्री बॅकअप. यूपीएस धरून दीड लाखाच्या वर बिल झालं. हे सगळं एका लोखंडी कपाटात, खालच्या कप्प्यात, कारण बॅटऱ्या जड आणि वरच्या कप्प्यात काकांचे जुने चोपडे. ३१ जुलै २०१९ ला इथे एका दिवसात वीस इंचांच्या आसपास पाऊस पडला होता, तेव्हा दुकानात घोटाभर पाणी आलं होतं. ते लक्षात ठेवून मी कपाटाखाली दोन विटा लावल्या होत्या. काकांना कौतुकाने दाखवल्याही होत्या.

विटा जागच्या जागी होत्या.

कपाट उघडलं तर गाळ बाहेर आला. डिस्क दोन, बॅकअपचा डबा एक, तीनही गोष्टी एकाच पाण्यात एकाच वेळी बुडालेल्या. दोन डिस्क एकमेकींची नक्कल ठेवतात त्याचा उपयोग एक डिस्क मेली तरच. कपाट बुडालं, चोरीला गेलं, जळलं, तर दोन्ही बरोबरच जाणार. हे मी दहा ठिकाणी लोकांना सांगितलेलं आहे. इथे बॅकअपचा डबा सर्व्हरच्या शेजारी ठेवताना ते माझ्या डोक्यात कसं आलं नाही, याचं उत्तर आजही माझ्यापाशी नाही. बहुतेक नेटवर्कची वायर आखूड होती.

तेवढ्यात काकांचा मुलगा शेजाऱ्याकडून जनरेटरची वायर ओढून आला. सर्व्हर पुसून, हेअर ड्रायरने वाळवून चालू करून बघायचा त्याचा बेत. मी अक्षरशः ओरडलो. साध्या हार्ड डिस्कला हवेसाठी एक बारीकसं भोक असतं, तिथून पाणी आत जातं आणि पाण्याबरोबर गाळ. आतल्या तबकड्यांवरून वाचणारं टोक केसाच्या जाडीपेक्षाही कमी अंतरावरून फिरतं. गाळाचा कण वाळून तबकडीवर बसला आणि डिस्क फिरवली, तर ती स्वतःलाच खरवडते. मग जगातली कुठलीही लॅब काही करू शकत नाही. ओली डिस्क वाळवायची नाही, उन्हात ठेवायची नाही, तांदळाच्या डब्यात तर मुळीच घालायची नाही. ओलीच पिशवीत बंद करून लॅबला द्यायची. मी तिन्ही डिस्क काढून, काकूंनी आणलेल्या दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत घालून सेलोटेप लावला. अहमदाबादच्या एका लॅबला फोन केला. डिस्कमागे साठ हजारांपासून पुढे, पंधरा-वीस दिवस, आणि डेटा मिळेलच असं नाही.

काका म्हणाले, "बिलं जाऊ देत रे. वर्वेअर... तो विम्याचा माणूस सोमवारी येणार."

"सर्व्हेयर," मुलगा म्हणाला.

खरा पेच हा होता. माल बुडाला तो डोळ्यांना दिसत होता. पण किती बुडाला, कुठल्या दराचा, कुठल्या बॅचचा, हे सांगणारी एकमेव वस्तू दुधाच्या पिशवीत होती. सर्व्हेयरला पुराच्या दिवशीचा स्टॉक हवा, खरेदीची रजिस्टरं हवीत. जीएसटीचं आणखी वेगळंच. कलम १७(५) प्रमाणे नष्ट झालेल्या मालावर घेतलेलं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, परत फिरवावं लागतं, त्यासाठीही मालागणिक खरेदीचा आकडा लागतो. जीएसटीच्या पोर्टलवरून जीएसटीआर-२बी, म्हणजे आपल्या खरेदीच्या बिलांची यादी, उतरवून घेता येतं, त्यात पुरवठादार, बिल नंबर, तारीख, रक्कम, कर सगळं येतं, पण आत कुठली गोळी किती पट्ट्या, हे येत नाही. बँकेला कॅश क्रेडिटसाठी, म्हणजे मालावर मिळणाऱ्या कर्जासाठी, दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट जातं, त्याची जुलैअखेरची प्रत बँकेत मिळाली असती. तीही एकरकमी. मी हे सगळं मनातल्या मनात जोडत होतो. दीड-दोन महिन्यांचं काम दिसत होतं, आणि तेही अंदाजपंचे.

साडेअकराला ताई आल्या. काकांकडे वीसेक वर्षं हिशेब बघतात. घरी त्यांच्याही पाणी शिरलं होतं, डोळे तारवटलेले. आल्या आल्या त्यांनी खांद्यावरची डब्याची पिशवी काढली, आत हात घातला आणि चटणीच्या रिकाम्या डबीतून एक पेनड्राइव्ह माझ्या हातात ठेवला.

"रोज नेते मी घरी," त्या म्हणाल्या. "एकोणीसच्या पावसापासून."

मला काय वाटलं ते नीट सांगायला हवं. पहिल्यांदा आनंद नाही झाला, कानशिलं तापली. त्याच पेनड्राइव्हवरून माझी आणि ताईंची दोन वर्षांपूर्वी वादावादी झाली होती. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर व्हायरसने जगभर मशीनं कुलूपबंद केली, तेव्हापासून मी सगळ्या गिऱ्हाइकांचे यूएसबी बंद करत सुटलो होतो. (वॉनाक्राय पेनड्राइव्हने नव्हे, नेटवर्कमधून पसरत होता. पण एकदा धसका बसला की माणूस दिसेल ते दार लावतो.) इथेही केले. ताईंनी विचारलं, मग मी कॉपी कशी घेऊ? मी हसून म्हणालो होतो, "ताई, आता सर्व्हर आहे. तो रात्री स्वतः कॉपी घेतो. तुम्ही आराम करा." त्या माझ्याशी पुढे बोलल्या नाहीत. सरळ काकांकडे गेल्या आणि काकांनी मला फोन करून त्यांच्या एकटीच्या मशीनचा पोर्ट उघडायला लावला.

दुकानात वीज नव्हती. आम्ही काकांच्या घरी गेलो, तिसरा मजला, इन्व्हर्टरवर. माझ्या लॅपटॉपवर बिलिंगचं सॉफ्टवेअर चढवलं. लायसन्सचा डोंगल, म्हणजे ज्याच्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही ती यूएसबीची किल्ली, सर्व्हरच्या पाठीत बुडालेला. कंपनीला फोन केला, त्यांनी माझ्या मशीनला तात्पुरतं लायसन्स चालू करून दिलं. पेनड्राइव्हमध्ये तारखांच्या नावाच्या नऊ फायली. शेवटची शनिवारची, २४ ऑगस्टची. रविवार बंद, सोमवारी गोकुळाष्टमी, मंगळवारी पाणी. म्हणजे शनिवारची फाइल उघडली की सगळं मिळालं.

ती उघडली नाही. फाइल अर्धवट आहे, असा संदेश आला.

ताई जेवणाच्या टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसल्या होत्या. हळूच म्हणाल्या, "शनिवारी पाऊस भरून आला होता. मी घाईत काढला असेल." काकांनी पहिल्यांदा डोळे मिटले.

शुक्रवारची, २३ तारखेची फाइल लावली. हिरवी पट्टी सरकत गेली, मधेच थांबली, पुन्हा सरकली. मग पेढीचं नाव आलं, आणि त्याखाली स्टॉक. पॅरासिटामॉल, बॅच नंबर, एक्स्पायरी, खरेदी दर. काकूंनी चहा ठेवला होता तो कुणी प्यायलं नाही. मुलगा बसल्या जागी रडला.

राहिला शनिवारचा दिवस. तो आम्ही मोबाइलमधून काढला. पेढीचा फोन मुलाच्या खिशात होता आणि दुकानदारांना बिलाची पीडीएफ व्हॉट्सअॅपवर जाते. ४७ बिलं सापडली. ताई बिलं वाचत गेल्या, मी भरत गेलो. यात एक गोम असते. २३ तारखेचा डेटा लावला की सॉफ्टवेअर पुढचं बिल शुक्रवारच्या नंतरच्या नंबरानेच काढतं. तो नंबर शनिवारी आधीच कुणाला तरी गेलेला आहे. जीएसटीत बिलांचे नंबर सलग हवेत, एकाच नंबरची दोन बिलं निघाली तर ११ सप्टेंबरला जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं विवरणपत्र, भरताना घोळ. म्हणून एकही नवं बिल करायच्या आधी ४७ ची ४७ त्याच नंबरांनी चढवली. खरेदीची दोन बिलं पुरवठादारांकडून मेलवर मागवली. रात्री पावणेबाराला स्टॉकचा कागद प्रिंट झाला. सोमवारी सर्व्हेयरने तो बँकेच्या जुलैच्या आकड्याशी ताडून पाहिला, चार शंका विचारल्या, ताईंनी उत्तरं दिली. ओल्या डिस्क मग अहमदाबादला पाठवल्याच नाहीत.

पुढे नवं काय घ्यायचं हा प्रश्न गणपतीनंतर निघाला. काका म्हणाले, तोच सर्व्हर घे, माळ्यावर ठेव. मी नाही म्हटलं. तीन जणांच्या बिलांना दोन बरे लॅपटॉप आणि एक साधा डेस्कटॉप पुरतो. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी आहे, आणि पाऊस वाढला की तो काखेत मारून निघता येतं. सर्व्हर काखेत मारता येत नाही. क्लाउडवर बॅकअप घेऊ म्हणालो तर काका बिथरले. "माझा खरेदीचा भाव सगळ्या बाजाराला कळेल." ही भीती हसण्यावारी न्यायची नाही. घाऊक धंद्यात दोन टक्क्यांवर घर चालतं. मी त्यांना दाखवलं की फाइल इथेच कुलूप लावून वर जाते, आणि किल्ली दोघांपाशी, तुम्ही आणि ताई, कागदावर लिहून बँकेच्या लॉकरमध्ये. माझ्यापाशी नको. खातंही पेढीच्या ईमेलवर, पेढीच्या मोबाइल नंबरवर. माझ्या धंद्यातले बरेच जण गिऱ्हाइकाचं सगळं स्वतःच्या नावावर उघडतात, आणि मग गिऱ्हाईक त्यांना सोडू शकत नाही. मीही दोन ठिकाणी केलेलं आहे. ते मग दिवाळीच्या आत बदलून टाकलं.

मुलाचं म्हणणं, फोल्डर क्लाउडशी सिंक केलं, इथे बदललं की वरही आपोआप बदलतं, की झालं की दादा, बॅकअप वेगळा कशाला? मी शनिवारची ती अर्धवट फाइल त्याच्यासमोर सिंकच्या फोल्डरमध्ये टाकली, शुक्रवारच्या फाइलचं नाव देऊन. दोन मिनिटांत वरचीही बिघडली. सिंक आज्ञाधारक असतं, बिघाडही प्रामाणिकपणे वर पोचवतं. जुन्या प्रती काही दिवस मागे जाऊन मिळतात, पण ते कुणाच्या लक्षात यायला हवं ना. म्हणून रोजची वेगळी तारखेची फाइल वर जाते, आणि ताईंचा पेनड्राइव्ह आहे तसाच आहे. आता दोन आहेत, आलटून पालटून.

एक गोष्ट मात्र ताईंनी सांगितली, मी नाही. शनिवारची फाइल उघडत नाही हे त्यांना सहा दिवसांनी कळलं, याचं त्यांना वाईट वाटत होतं. तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी मी पेढीत जातो, तेव्हा दुसऱ्या लॅपटॉपवर आदल्या रात्रीची फाइल चढवून बघतो. कधी क्लाउडवरची, कधी डबीतली. वीस मिनिटं लागतात. त्याचे पैसे मी वेगळे लावत नाही, काकांनी दोनदा विचारूनही.

परवाच्या शनिवारी पट्टी पूर्ण झाली, पेढीचं नाव आलं. ताईंनी चष्मा वर करून शेवटच्या बिलाचा नंबर वाचला, मी तो वहीत लिहिला, आणि त्यांनी पेनड्राइव्ह काढून चटणीच्या डबीत टाकला. डबीला अजून लसणाचा वास येतो.