तलावाची उंची कुठून मोजायची? बोटिंगच्या परवानगीचा माझा अनुभव

दक्षिण सोलापूर तालुक्यातला आमच्या गावचा तलाव १९७२ च्या दुष्काळी कामावरचा. पाणी असलं की रविवारी सोलापूरहून माणसं येतात, म्हणून आम्ही काही जणांनी बोटिंग सुरू करायचं ठरवलं. ग्रामपंचायतीचा ठराव, विमा, लाइफ जॅकेट सगळं पटापट झालं. अडलं एकाच कागदावर: हा बांध धरण सुरक्षितता कायद्यात येतो का, आणि येत असेल तर त्याचा धोका वर्ग कोणता?

२०२१ चा कायदा यात स्पष्ट आहे. १५ मीटरपेक्षा उंच धरण थेट विनिर्दिष्ट, म्हणजे कायद्याच्या कक्षेतलं. १० ते १५ मीटर असेल तर माथ्याची लांबी किमान ५०० मीटर, साठा किमान १० लाख घनमीटर अशा अटींपैकी एक तरी पुरी व्हावी लागते. आमचा मातीचा बांध लांबीला ६०० मीटरच्या वर. राहिला प्रश्न उंचीचा.

तिथंच फाइल रुतली. तलाव ज्यांच्या ताब्यात आहे त्या कार्यालयाच्या नोंदवहीत उंची ९.४० मीटर. "दहाच्या आत आहे, कायद्यात बसत नाही." मग तसं लेखी द्या म्हटलं, तर तो अधिकार वरचा. वर गेलो तर खालून प्रस्ताव येऊ द्या. शेवटी मी विचारलं, "साहेब, ही उंची कुठून मोजलीय?" नाल्याच्या तळापासून! कायदा म्हणतो, सर्वसाधारण पायाच्या सर्वांत खालच्या भागापासून माथ्यापर्यंत. छापील कलम टेबलावर ठेवलं, तरी उत्तर एकच, "पायाचा नकाशा आमच्याकडं नाही ओ."

मला याचा अजून राग येतो. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, खालच्या वाडीतली माणसं गेली. तेही लहानच धरण होतं. आमच्या बांधावर वेड्या बाभळी माजल्यात, दगडी पिचिंग (बांधाच्या उतारावरचं दगडांचं अस्तर) ठिकठिकाणी खचलंय आणि नाल्याकाठी आता वस्ती झालीय. विनिर्दिष्ट धरणाची पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी मालकाला बंधनकारक असते. मीटरभराच्या हिशेबावर ती तपासणी होणार की नाही हे ठरत होतं, आणि कुणाला नकाशा शोधायचा नव्हता.

माहिती अधिकाराचा अर्ज टाका, पण नुसती प्रत मागू नका. अभिलेख पाहणी मागा. स्वतः बसून गठ्ठे सोडले तेव्हा मूळ छेद नकाशा (बांध आडवा कापल्यासारखा दाखवणारा) निघाला. पायाचा तलांक (ठरलेल्या पातळीपासूनची उंची), माथ्याचा तलांक, वजाबाकी १०.७० मीटर. त्या प्रतीवर सही-शिक्का मिळाला तेव्हा फार बरं वाटलं. प्रस्ताव पुढं सरकला.

अर्जाची पोच आवक क्रमांकासह घ्या, हे आधीच सांगायला हवं होतं. आणि धोका वर्ग म्हणजे बांधाची तब्येत नव्हे. बांध फुटला तर खाली किती माणसं, घरं, रस्ते सापडतील, त्यावर तो ठरतो. बांध ठणठणीत असला तरी खाली वस्ती वाढली की वर्ग चढू शकतो. म्हणून खालच्या घरांची यादी आणि फोटो प्रस्तावासोबतच द्या. बोटींची जागा सांडवा आणि विमोचकापासून (पाणी सोडायच्या दारापासून) लांब दाखवा, तो प्रश्न पाहणीत हमखास येतो.