पदवीवरची गावकर, पासपोर्टावरची प्रभुदेसाई

डिचोली, श्रावणातला मंगळवार

आज नोटरीकडे जाऊन शपथेवर सांगून आले की मी एकच बाई आहे. पदवीवरची गावकर आणि पासपोर्टावरची प्रभुदेसाई, दोघी मीच. नोटरीला याचं काही नवल नव्हतं. मजकूर त्याच्या कॉम्प्युटरवर तयारच असतो, नावं तेवढी बदलायची आणि प्रिंटरमध्ये स्टँप पेपर सरकवायचा. त्याने लाल सील चिकटवलं, गोल शिक्का अर्धा सीलवर आणि अर्धा कागदावर पडेल असा नेमका मारला, रजिस्टरात सही घेतली. माझ्यामागे एक काका बसले होते. त्यांच्या आधारवर जन्मसाल एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरं. मला म्हणाले, "तुझं बरं आहे बाय, नुसत्या नावाचाच घोळ."

आयर्लंडमधल्या कॉर्कच्या औषध कंपनीची ऑफर आली तेव्हा तिकडची बाजू किती किचकट असेल याचाच घोर होता. ती बाजू सरळ निघाली. आधी क्रिटिकल स्किल्स परमिट. किमान दोन वर्षांच्या नोकरीची ऑफर हवी, पदवी कामाशी संबंधित हवी, पगार ठरलेल्या मर्यादेच्या वर हवा. फी १००० युरो, ती कंपनीने भरली. परमिट देणाऱ्या खात्याच्या वेबसाइटवर सध्या कोणत्या तारखेचे अर्ज हातात घेतले आहेत ते लिहिलेलं असतं. वेर्ण्याला लॅबमध्ये एचपीएलसीवर, म्हणजे औषधातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर, सॅम्पल लावलं की मी मोबाइलवर ती तारीख बघायची. कधी ती हलायचीच नाही, कधी उडी मारायची. उशीर होता, पण रांगेत आपण कुठे आहोत ते कळत होतं, त्यामुळे चिडचिड झाली नाही.

परमिट म्हणजे फक्त काम करायची परवानगी. देशात शिरायला डी व्हिसा, म्हणजे लांबच्या मुक्कामाचा व्हिसा, वेगळा, त्याचा निर्णय दिल्लीच्या वकिलातीत. अर्ज ऑनलाइन भरायचा, त्याचा सारांश छापून त्यावर सही करायची आणि सोबत सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, जुने पासपोर्ट, पदवी, परमिट, कशासाठी जाते त्याचं पत्र. यातल्या प्रत्येक कागदावरची बाई एकच आहे हे त्यांना दिसायला हवं. रास्तच आहे.

गोव्याबाहेरच्या मैत्रिणींना पुढचं सांगताना माझी दमछाक होते. आमच्याकडे लग्न मांडवात लागतं, पण कायद्याने ते होतं सिव्हिल रजिस्ट्रारकडे. आधी पहिली सही, मग काही दिवसांनी दुसरी सही. पोर्तुगीज काळापासून चालत आलेली पद्धत. त्या नोंदवहीत बाई माहेरच्याच नावाने राहते. सासरी मात्र आडनाव बदलणं गृहीत धरलेलं. मग बँकेत आणि पासपोर्टावर सासरचं नाव चढतं, पदवीवर आणि जन्मदाखल्यावर माहेरचं तसंच राहतं. दोघींना जोडणारा कागद एकच, लग्नाचा दाखला.

त्या दाखल्याची ताजी प्रत काढायला अर्धी रजा टाकून एका कचेरीत गेले. "सायब ना आज, फाल्यां येयात." दुसऱ्या दिवशी सायब होते, प्रिंटर बंद. प्रत अखेर हातात पडली तर आडनावाच्या स्पेलिंगमध्ये डब्ल्यूच्या जागी ओ. आमच्या लॅबमध्ये चुकलेला आकडा एका रेघेने असा खोडायचा की खालचा वाचता आला पाहिजे, शेजारी सही, तारीख, कारण. एक मिनिटाचं काम. इथे दुरुस्तीसाठी वेगळा अर्ज, त्याला वेगळे पुरावे, आणि किती दिवस लागतील याचं उत्तर खिडकीपलीकडे कुणाकडेच नाही. "अफिडेव्हिट करा ना," शेवटी तिथल्याच बाईंनी सुचवलं. त्यांच्या आवाजात सहानुभूती होती, उगाच कशाला नाकारू.

त्याच आठवड्यात, गुरुवार

वाड्यावरच्या एकाचा फोन. तोही कॉर्कजवळच असतो. त्याला परमिट लागलं नाही, व्हिसाही नाही. पोर्तुगीज पासपोर्ट, म्हणजे युरोपीय संघाचा नागरिक. विमानतळावर पासपोर्ट दाखवला आणि आत गेला. इंग्लंडची ही वाट २०२० संपताना बंद झाली, पण आयर्लंड संघातच आहे. "तुझे आजोबा ६१च्या आधीचे ना गो? मग हे सगळं कशाला करतेस?"

बरोबर आहे त्याचं. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना, त्यांच्या मुलांना आणि नातवंडांना पोर्तुगाल नागरिकत्व देतो, लिस्बनला जन्म नोंदवावा लागतो. पण भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. तिकडचं घेतलं की इकडचं गेलं, मग परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं ओसीआय कार्ड काढत बसा. बाबांचा याला सक्त विरोध. लोकांना ते मोठे देशप्रेमी वाटतात. खरं कारण आमचं कुळागर, माडा-पोफळींची बाग. ओसीआयवाल्याला शेतजमीन विकत घेता येत नाही, आणि शेजारचा तुकडा घ्यायचं बाबांच्या मनात कधीपासून आहे. माझं कारण साधं. मी परत येणार की नाही ते मलाच ठाऊक नाही, आणि इतक्यात ठरवायचंही नाही.

शिवाय लिस्बनची वाट तरी कुठे मोकळी आहे? फोन ठेवल्यावर आजोबांचा जन्मदाखला काढून बघितला. पोर्तुगीजमध्ये, बारीक तिरक्या हस्ताक्षरात, शाई तपकिरी झालेली. त्यात गावकरमध्ये सी आहे. बाबांच्या शाळेच्या दाखल्यात के आणि ओ. माझ्या पदवीवर के आणि डब्ल्यू. तीन पिढ्या, तीन स्पेलिंगं. तिथेही हेच दाखले मागतात आणि इंग्रजी कागदांना वर पोर्तुगीज भाषांतर लागू शकतं. म्हणजे नोटरी सुटत नाहीच.

आईने मध्येच विचारलं, चवथीला तरी घरी असशील ना. असेन म्हटलं. फाइलच अजून गेली नाहीये.

दिवाळीनंतर, शनिवार

मिळाला.

वकिलात दर आठवड्याला निकालांची यादी वेबसाइटवर टाकते. अर्जाचा क्रमांक आणि त्यापुढे मंजूर किंवा नामंजूर, एवढंच. नाव नाही, आडनाव नाही! महिनोन्महिने मी ज्या स्पेलिंगांसाठी धावले त्यातलं एकही अक्षर त्या यादीत नव्हतं. क्रमांक शोधताना मधले नामंजूर दिसत होते, तिथे बोट चटकन पुढे सरकवत होते. माझा सापडल्यावर नवऱ्याला दाखवला, त्याने परत एकदा अंक अन् अंक जुळवून बघितला. सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली आणि लगेच थंडीचे कपडे कुठे मिळतात याची चौकशी सुरू केली.

आता त्याची फाइल. या परमिटवर नवराबायकोला सोबत नेता येतं, पण व्हिसा ज्याचा त्याचा. रात्री त्याचे कागद काढून बसलो. पासपोर्टाचं शेवटचं पान उघडलं तर पत्नीच्या नावापुढे माहेरचं नाव. त्याने तो लग्नाच्या दाखल्यावरून केला होता, मी माझा नंतर, सासरच्या नावाने.

नोटरीला मेसेज केला. त्याचं उत्तर लगेच आलं: "तुमची फाइल कॉम्प्युटरवर ठेवलीय. सोमवारी या, दोघं या."